साखरपुड्याची अंगठी : सोने, हिरा आणि हिशोब

सातारच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे एक स्नेही गेल्या लग्नसराईत आमच्याकडे आले, ते हातात एक कागदाची पुडी घेऊन. पुडीत मटारच्या दाण्याएवढा एक चकचकीत खडा होता. त्यांच्या मुलाचे लग्न सांगलीच्या मुलीशी ठरले होते आणि साखरपुड्यात सुनेच्या बोटात हिऱ्याची अंगठी घालावी, अशी घरच्यांची इच्छा होती. पैसे बेताचे. तेव्हा सरांच्या पत्नीने आपल्या लग्नातली, १९९३ सालची, हिऱ्याची अंगठी पुढे केली. ती मोडायची, त्या सोन्यात वरून दहाएक हजार रुपये घालायचे आणि जुनाच हिरा नव्या कोंदणात बसवायचा, असा बेत ठरला.

अंगठी घेऊन सर विट्याकडच्या एका गलाई कारागिराच्या दुकानी गेले. कारागिराने अंगठी तोलली, ४.२० ग्रॅम भरली. मग चिमट्याने खडा अलगद काढून तो वेगळा तोलला, ०.२७ ग्रॅम. भिंगातून पाहिले आणि म्हणाला, "सर, ह्यो खडा सोन्यात धरता येणार नाही. आणि हिऱ्यातबी धरता येणार नाही."

सरांनी जुनी पावती जपून ठेवली होती. तिच्यावर एकच ओळ होती : अंगठी ४.२० ग्रॅम, सोने २२ कॅरट. म्हणजे खडा सोन्याच्या भावाने तोलला गेला होता. दुकानदाराने तेव्हा 'अमेरिकन डायमंड' असे म्हटले होते. घरात त्याचा अर्थ 'अमेरिकेहून आलेला हिरा' असा घेतला गेला आणि तीस वर्षे तो तसाच राहिला.

सरांना वाईट वाटले ते पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे. "घनता मी दरवर्षी शिकवतो, अपवर्तन शिकवतो," ते म्हणाले, "आणि माझ्याच घरातला खडा मी कधी तोलला नाही." आता नवी अंगठी घ्यायची तर काय पाहायचे, हा त्यांचा प्रश्न होता. त्या निमित्ताने आम्ही जो अभ्यास केला तो येथे मांडत आहोत. शाळेतले पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र या खरेदीत किती उपयोगी पडते, हे पाहून आम्हालाही थोडे आश्चर्य वाटले.

गलाईची भट्टी काय सांगते?

सांगली आणि सातारा या जिल्ह्यांचा सोन्याशी दुहेरी संबंध आहे. एकीकडे पेढ्यांची परंपरा आहे. सांगलीत १८३२ साली सुरू झालेली गाडगीळांची सराफी पेढी पुढे पुण्यात गेली, हे अनेकांना ठाऊक असते. दुसरा संबंध तितका प्रसिद्ध नाही. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हे तालुके आणि सातारा जिल्ह्यातले माण व खटाव, हा सारा टापू दुष्काळी. शेतीवर पोट भरत नाही म्हणून इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, व्यवसाय करण्यासाठी बाहेर पडली. आज देशातल्या बहुतेक प्रांतांत, सराफ बाजारालगतच्या बोळात, विटा-खानापूरकडचे गलाई दुकान सापडते.

गलाई कारागीर जुने डाग, घासलेले तुकडे, सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा घेतो आणि त्यातून शुद्ध सोने वेगळे काढतो. त्यामागचे रसायन सोपे आणि सुंदर आहे. सोन्यावर नायट्रिक आम्लाचा परिणाम होत नाही, पण तांबे आणि चांदी त्यात विरघळतात. अडचण अशी, की संमिश्रात सोने जास्त असले तर ते आतल्या चांदी-तांब्याला झाकून धरते आणि आम्ल आतपर्यंत पोचत नाही. म्हणून कारागीर उलटे काम करतो. तो अशुद्ध सोन्यात आणखी चांदी मिसळून वितळवतो, इतकी की सोने एकूण वजनाच्या सुमारे चौथाई राहावे. मग तो रस पाण्यात ओतून त्याचे बारीक कण करतो आणि ते आम्लात उकळतो. चांदी विरघळून सिल्व्हर नायट्रेट होते. तळाशी राहते ती तपकिरी भुकटी, म्हणजे जवळजवळ शुद्ध सोने. द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की तांबे विरघळते आणि चांदी खाली बसते. क्रियाशीलतेच्या श्रेणीचा धडा येथे रोज चालतो. मात्र या क्रियेत नायट्रोजन डायऑक्साइडचे तांबूस, विषारी धूर निघतात. ते ओढून नेण्याची सोय नसेल तर कारागिराच्या फुफ्फुसांवर त्याचा परिणाम होतो. शाळेत हा प्रयोग उघड्यावर करू नये.

सरांच्या अंगठीचे सोने तपासल्यावर २० कॅरट निघाले. हिशोब असा झाला. खडा वजा जाता धातू ३.९३ ग्रॅम. त्याचे २४ पैकी २० भाग सोने, म्हणजे सुमारे ३.२८ ग्रॅम शुद्ध सोने. पावतीप्रमाणे ४.२० ग्रॅमचे २४ पैकी २२ भाग, म्हणजे ३.८५ ग्रॅम मिळायला हवे होते. फरक ०.५७ ग्रॅमचा. शंभर रुपयांच्या सोन्यात पंधरा रुपयांचे सोने नव्हतेच.

या भट्टीने आणखी एक गोष्ट शिकवली. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, वितळूनही सोनेच राहते. त्याला पुन्हा हवा तो आकार देता येतो. हिरा मात्र वितळवून पुन्हा ओतता येत नाही. तो हवेत साडेआठशे अंशांच्या आसपास जळू लागतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. लाव्हाझिए याने १७७२ मध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवला. १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट याने हिरा जाळून मिळणारा वायू मोजला. तो तेवढ्याच वजनाच्या कोळशापासून मिळतो तेवढाच भरला. हिरा म्हणजे केवळ कार्बन, हे तेव्हा सिद्ध झाले. म्हणून तर गलाई कारागीर भट्टीआधी खडे काढून घेतो. ते काढले नाहीत आणि ते खरे हिरे असले, तर त्यांची राख नव्हे, हवाच होईल.

बेताच्या पैशात अंगठी घेणाऱ्याने हा फरक पहिल्यांदा लक्षात घ्यावा. सोन्याची किंमत वजन आणि कस यांवर ठरते. दोन्ही मोजता येतात आणि सोने कोठेही मोडता येते. हिऱ्याची किंमत मात्र दर्जावर ठरते. तो दर्जा माणसाची नजर आणि एक कागद सांगतो.

दोन कॅरट

येथे एका शब्दाचा घोळ मिटवला पाहिजे. सोन्याचा कॅरट म्हणजे कस, चोवीस भागांपैकी शुद्ध सोन्याचे भाग. १८ कॅरट म्हणजे चोवीसात अठरा, हजारात ७५०. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. हे प्रमाण १९०७ मध्ये ठरले. त्याआधी गावोगावचा कॅरट थोडा वेगळा असे, कारण त्याचे मूळ कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांत आहे. आपल्याकडे हेच काम गुंजेने केले. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची. कॅरटच्या शंभराव्या भागाला बाजारात सेंट म्हणतात. २० सेंटचा हिरा म्हणजे अवघे ४० मिलिग्रॅम.

हिऱ्याच्या अंगठीला बहुधा १८ किंवा १४ कॅरटचे सोने वापरतात. यात फसवणूक नाही. २२ कॅरटचे सोने मऊ असते. हिरा धरून ठेवणारी बारीक टोके त्यात झिजतात, वाकतात आणि एक दिवस भांडी घासताना हिरा मोरीत जातो. तांबे-चांदी जास्त मिसळली की धातू कठीण होतो आणि सोनेही कमी लागते. कमी कॅरट म्हणजे हलका माल, हा समज येथे सोडून द्यावा. मात्र दर त्याच कॅरटचा लागला पाहिजे.

कसाची खात्री आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. भारतीय मानक ब्यूरोची सोन्याची हॉलमार्क योजना २००० साली सुरू झाली. जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन गोष्टी भिंगातून पाहाव्यात : ब्यूरोची त्रिकोणी खूण, कस (१८ कॅरटला ७५०) आणि तो सहा अंक-अक्षरांचा क्रमांक. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये हा क्रमांक घालून तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला सक्ती नाही, हे बारीक अंगठी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आणि मुख्य म्हणजे हॉलमार्क सोन्याची ग्वाही देतो, हिऱ्याची नाही.

खडा हिराच आहे का?

पुडीतला खडा घेऊन आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत गेलो. व्हर्नियर कॅलिपरने त्याचा व्यास मोजला, ६ मिलिमीटर. गोल, नेहमीच्या पद्धतीने पैलू पाडलेल्या हिऱ्यासाठी एक सोपे सूत्र आहे. ६.५ मिलिमीटर व्यासाचा हिरा सुमारे १ कॅरटचा असतो. आकार तोच ठेवून माप बदलले तर वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून व्यासाला ६.५ ने भागून आलेल्या संख्येचा घन करावा. उत्तर कॅरटमध्ये मिळते. ६ मिलिमीटरसाठी ते सुमारे ०.७९ कॅरट, म्हणजे ०.१६ ग्रॅम येते. आमचा खडा ०.२७ ग्रॅमचा होता. हिऱ्याची घनता ३.५२, तर 'अमेरिकन डायमंड' म्हणून विकल्या जाणाऱ्या क्युबिक झिरकोनियाची ५.६ ते ६. म्हणजे तोच आकार, पण वजन दीडपटीहून जास्त. आमचे उत्तर तंतोतंत जुळले. साधी काच असती तर वजन ०.११ ग्रॅमच्या आसपास भरले असते. गंमत अशी, की खडे सोन्याच्या भावाने तोलणाऱ्याला खऱ्या हिऱ्यापेक्षा हा जड खडाच जास्त लाभाचा.

भिंगातून दुसरा पुरावा मिळाला. त्या खड्याच्या पैलूंच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. हिऱ्याचे काठिण्य मोह श्रेणीत १०, झिरकोनियाचे ८ ते ८.५. तीस वर्षे वापरलेल्या हिऱ्याच्या कडा अजूनही धारदार दिसल्या असत्या.

लोकांत इतर अनेक चाचण्या सांगितल्या जातात. त्यांतल्या काही निरुपयोगी आहेत. 'हिऱ्याने काच कापते' हे खरे, पण झिरकोनियाने आणि गारगोटीच्या स्फटिकानेही काचेवर ओरखडा उठतो. 'घणाचे घाव सोसतो तो खरा हिरा' हे संतवाङ्मयापासून आपण ऐकत आलो. उपमा म्हणून ते थोर आहे, परीक्षा म्हणून घातक. काठिण्य म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध, चिवटपणा नव्हे. हिऱ्याच्या स्फटिकात ठराविक पातळ्यांवर तो सहज दुभंगतो. हातोडीने खरा हिराही फुटेल. फुंकरीची चाचणी त्यामानाने शास्त्रीय आहे. हिरा उष्णता तांब्याच्या सुमारे पाचपट वेगाने वाहून नेतो, म्हणून त्यावर फुंकर मारली तर वाफेचा थर क्षणात नाहीसा होतो. झिरकोनियावर तो रेंगाळतो. सराफाकडचे पेनासारखे यंत्र हेच उष्णतावहन मोजते. पण मोइसनाइट नावाचा, सिलिकॉन कार्बाइडचा, नवा खडा या यंत्राला फसवतो आणि त्याची घनताही ३.२२, म्हणजे हिऱ्याच्या जवळ. तो ओळखायला प्रकाश मदतीला येतो. मोइसनाइटमध्ये दुहेरी अपवर्तन होते, त्यामुळे भिंगातून तिरके पाहिले तर पाठीमागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात.

कोंदणात बसवलेल्या खड्यावर या साऱ्या चाचण्या नीट करता येत नाहीत. म्हणून चाचणी घरी नव्हे, खरेदीच्या वेळी व्हावी आणि तिचा निकाल पावतीवर लिहिलेला असावा.

चमक कोठून येते?

हिऱ्याचा दर्जा चार गोष्टींनी सांगतात : वजन, रंग, निर्मळपणा आणि पैलू. बेताच्या पैशात यांपैकी कोठे हात आखडता घ्यायचा आणि कोठे नाही, हे प्रकाशशास्त्र सांगते.

हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे. त्यावरून क्रांतिक कोन सुमारे २४.४ अंश येतो. काचेचा तो सुमारे ४२ अंश असतो. म्हणजे हिऱ्यात शिरलेला किरण आतल्या पैलूवर २४.४ अंशांहून जास्त कोनात आदळला की बाहेर न जाता आतच परावर्तित होतो. काचेत तसे होण्याची शक्यता बरीच कमी. पैलू योग्य कोनात पाडले तर वरून आलेला बहुतेक प्रकाश खालच्या पैलूंवर दोनदा परावर्तित होऊन पुन्हा वरून, आपल्या डोळ्यांकडे, बाहेर पडतो. मार्सेल टोल्कोव्स्की याने १९१९ मध्ये याचे गणित मांडले. खालच्या पैलूंचा कोन ४१ अंशांच्या जवळ असावा, असे त्याचे उत्तर होते. हिरा फार उथळ किंवा फार खोल पाडला तर प्रकाश तळातून गळतो आणि हिरा मध्यभागी निस्तेज, काळसर दिसतो. कच्च्या दगडाचे वजन वाचवण्यासाठी कारागीर कधी मुद्दाम खोल पैलू पाडतात. मग आपण तळाशी दडलेल्या, न दिसणाऱ्या वजनाचे पैसे देतो.

म्हणून पहिला नियम : पैलूंच्या बाबतीत तडजोड नको. रंगात ती करता येते. रंगाची श्रेणी इंग्रजी 'डी' पासून 'झेड' पर्यंत जाते. 'डी' म्हणजे पूर्ण रंगहीन. 'आय', 'जे' पर्यंतची किंचित पिवळी झाक पिवळ्या सोन्याच्या कोंदणात नुसत्या डोळ्यांना कळत नाही, किंमत मात्र बरीच उतरते. निर्मळपणाचेही तसेच. आतले डाग दहापट मोठे करणाऱ्या भिंगातून पाहून दर्जा ठरतो. 'एसआय' म्हणजे भिंगातून सहज दिसतील असे दोष. पण त्यांतल्या बऱ्याच हिऱ्यांतले डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. अंगठी लग्नमंडपात कोणी भिंगातून पाहत नाही.

हिरा दुकानाच्या दिव्यांखाली पाहू नये. त्या छोट्या, प्रखर दिव्यांखाली झिरकोनियाही झळाळतो. दाराशी येऊन, उन्हाबाहेर, सावलीतल्या उजेडात पाहावा.

सात हिरकण्यांचे गणित

आता वजनाकडे येऊ. हिऱ्याची किंमत वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढते. मोठे दगड दुर्मीळ असतात. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहून गेलेला फ्रेंच व्यापारी टॅव्हर्निए याने किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात धरण्याची रीत नोंदवली आहे. म्हणजे वजन दुप्पट तर किंमत चौपट. आज हे सूत्र तंतोतंत लागू नाही, पण कल तोच आहे. शिवाय अर्धा कॅरट, एक कॅरट अशा गोल आकड्यांना दर एकदम उडी घेतो. ५० सेंटऐवजी ४७ सेंटचा हिरा व्यासात दोन टक्केच लहान असतो, दर मात्र खालच्या पायरीचा लागतो.

यावरून एक छान भूमितीचे उदाहरण तयार होते. आपल्याकडे सात हिऱ्यांच्या कुड्या जुन्या घरांत असत. मध्ये एक आणि भोवती सहा. सारखी सात वर्तुळे अशी नेमकी बसतात, हे विद्यार्थ्यांना नाणी मांडून दाखवता येते. समजा प्रत्येक हिरकणीचा व्यास २ मिलिमीटर आहे. फुलाचा एकूण व्यास ६ मिलिमीटर होईल. आता याची तुलना ६ मिलिमीटर व्यासाच्या एकाच हिऱ्याशी करू.

क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून. एका हिरकणीचे क्षेत्रफळ मोठ्याच्या एक नवमांश, सातांचे सात नवमांश, म्हणजे ७८ टक्के. वजन व्यासाच्या घनावर अवलंबून. एका हिरकणीचे वजन मोठ्याच्या सत्ताविसाव्या भागाइतके, सातांचे सत्ताविसांत सात, म्हणजे २६ टक्के. मोठा हिरा ७९ सेंटचा, सात हिरकण्या मिळून सुमारे २० सेंट. दिसायला तीन-चतुर्थांशाहून जास्त, वजनाला जेमतेम पाव. आणि लहान हिऱ्यांचा दर कॅरटमागे कमी असल्याने किंमत पावाहूनही बरीच कमी. जगातल्या हिऱ्यांपैकी नगांच्या हिशोबाने बहुतांश हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, त्यामुळे अशा हिरकण्या आपल्या बाजारात सहज मिळतात.

प्रयोगशाळेतला हिरा

सरांच्या होणाऱ्या सूनबाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर. "प्रयोगशाळेत केलेला हिरा घेतला तर?" प्रश्न रास्त होता. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डिसेंबर १९५४ मध्ये असा हिरा तयार झाला. आज तो दोन रीतींनी करतात. एकीत प्रचंड दाब आणि सुमारे १४०० अंशांचे तापमान वापरून ग्रॅफाइटचा हिरा होतो. दुसरीत मिथेन आणि हायड्रोजन वायूंच्या तप्त मिश्रणातून कार्बनचे अणू हिऱ्याच्या पातळ चकतीवर थराथराने बसवले जातात. दोन्हींत निघतो तो हिराच : तीच घनता, तेच काठिण्य, तोच अपवर्तनांक. झिरकोनियासारखी ती नक्कल नव्हे. तो नैसर्गिक हिऱ्यापासून वेगळा ओळखायला खास यंत्रे लागतात.

फरक आहे तो बाजाराचा. कारखान्यात हवे तेवढे हिरे करता येतात, त्यामुळे गेल्या काही वर्षांत त्यांचे दर झपाट्याने उतरले आहेत. आज घेतलेला हिरा उद्या आणखी स्वस्त मिळेल. ज्याला डोळ्यांसाठी मोठा हिरा हवा आहे, त्याने तो खुशाल घ्यावा. ज्याला अडीअडचणीची पुंजी हवी आहे, त्याने घेऊ नये. पण अशा माणसाने नैसर्गिक लहान हिऱ्यावरही भिस्त ठेवू नये. दुकानात परत नेला तर तो पूर्ण किमतीला क्वचितच जातो. पुंजी सोन्यात असते. हिरा हौसेचा. दोन्हींसाठी पैसे द्यावेत, पण कोणते कशासाठी हे ठाऊक असावे. आणि दुकानदाराने हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे पावतीवर लिहून द्यावे.

पावतीचे पाच रकाने

शेवटी आम्ही सरांना एक कागद करून दिला. दर रोज बदलतात, म्हणून हिशोबापुरते आकडे धरले : शुद्ध सोने ग्रॅमला १२,००० रुपये, म्हणजे १८ कॅरटचे ९,००० रुपये, आणि लहान हिरे कॅरटला ६०,००० रुपये.

अंगठीचे एकूण वजन ३.०४ ग्रॅम. त्यात हिरे २० सेंट, म्हणजे ०.०४ ग्रॅम. निव्वळ सोने ३ ग्रॅम, किंमत २७,००० रुपये. हिऱ्यांचे १२,००० रुपये. घडणावळ सोन्याच्या किमतीवर १२ टक्के धरली तर ३,२४० रुपये. बेरीज ४२,२४० रुपये. त्यावर ३ टक्के कर १,२६७ रुपये. एकूण ४३,५०७ रुपये. सरांच्या जुन्या अंगठीतले ३.२८ ग्रॅम सोने याच दराने ३९,३६० रुपयांचे होते. खिशातून जाणार होते सुमारे ४,१५० रुपये.

पावतीवर हे पाच रकाने वेगळे हवेत : निव्वळ सोन्याचे वजन, सोन्याचा कस आणि दर, हिऱ्यांचे वजन व दर्जा, घडणावळ, कर. 'अंगठी, ३.०४ ग्रॅम' अशी एकच ओळ असेल तर उठून यावे. घडणावळ दुकानागणिक बदलते आणि तीच सर्वांत जास्त सोडली जाते, म्हणून घासाघीस तेथे करावी. हॉलमार्कपेक्षा कस कमी निघाला तर तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद नियमांत आहे. पण त्यासाठी हातात पावती लागते.

वर्गात करून पाहण्यासारख्या गोष्टी यात पुष्कळ आहेत. व्यास आणि वजन यांचा घनाचा संबंध काचेच्या गोट्यांवर तपासता येतो. सात नाण्यांचे फूल मांडता येते. जुन्या पावत्यांचे आकडे (नावे झाकून) शेकडेवारीच्या तासाला वापरता येतात. आर्किमिडीजच्या तत्त्वाने अंगठीची घनता काढायची तर मात्र मर्यादा समजावून सांगावी. ३ ग्रॅमची अंगठी सुमारे ०.२ ग्रॅम पाणीच बाजूला सारते. शाळेच्या तराजूची चूक ०.०१ ग्रॅमची असली तरी उत्तर पाच टक्क्यांनी हलते. बांगडीवर हा प्रयोग अधिक बरा होतो.

साखरपुडा सांगलीत झाला. अंगठी मुलाने आणि मुलीने मिळून सराफ कट्ट्यावर जाऊन निवडली. सात हिरकण्यांचे फूल, १८ कॅरटचे सोने. सोने सासूबाईंच्या जुन्या अंगठीचेच. ते गलाईच्या मुशीतून जाऊन नव्याने आले. दुकानदाराने सुरुवातीला एकाच ओळीची पावती लिहायला घेतली होती. मुलीने "खड्यांचं वजन वेगळं लिहा ना काका" असे सांगितल्यावर त्याने ती मुकाट्याने बदलली.

पुडीतला खडा सरांच्या पत्नीने टाकू दिला नाही. तो आता सरांच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, एका लहान परीक्षानळीत आहे. नववीचा वर्ग घनतेच्या धड्याला तो मोजतो आणि तोलतो, आणि हिरा नाही हे दरवर्षी नव्याने शोधून काढतो.